नालंद्याची पोथी आणि काश्मीरचे शाक्यश्रीभद्र

ही पोथी जरा निवांत बघा. अरुंद, लांबट ताडपत्रं, दोरी ओवायला भोकं, वरखाली लाकडी फळ्या. अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता, महायान या बौद्ध पंथातला अगदी मानाचा ग्रंथ. साधारण १०७३ मधे, पाल राजांच्या काळात नालंद्यात लिहिली, आणि ११५१ मधे तिची डागडुजी झाली, तेही पोथीतच नोंदवलंय. दक्षिणेत ताडपत्रावर अक्षरं कोरायचे, इथे मात्र शाईने लिहिलीयेत, आणि मधेमधे इवलीशी रंगीत चित्रं आहेत.

ही पोथी पुढे ज्यांच्याकडे आली ते काश्मीरचे महापंडित शाक्यश्रीभद्र. परंपरा सांगते त्यांचा जन्म ११२७ चा. १२०० च्या सुमारास मगधातले विहार एकामागून एक उद्ध्वस्त व्हायला लागले, तेव्हा ते पूर्वेला जगद्दल विहारात गेले, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आणि तिथून १२०४ मधे त्रोफू लोत्सावा या तिबेटी अनुवादकाच्या बोलावण्यावरून हिमालय ओलांडून तिबेटात. हिशोब केला तर वय होतं ७७! सोबत विभूतिचंद्र, दानशील असे तरुण पंडित.

तिथे ते १० वर्षं राहिले, आणि नुसते पाहुणे म्हणून नाही हं, गावोगाव, मठामठात शिकवत, दीक्षा देत फिरले. साक्य पंडित हे तिबेटचं केवढं मोठं नाव, त्यांना १२०८ मधे भिक्षूची दीक्षा यांनीच दिली. दोघांनी बसून बौद्ध पंडित धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिक या तर्कशास्त्राच्या ग्रंथाचं तिबेटी भाषांतर नव्याने तपासलं, आणि तिबेटात तर्कशास्त्र आजही शिकवतात ते त्याच ग्रंथाच्या आधाराने. मला त्यांच्या सगळ्या प्रवासात हे काम सगळ्यात मोठं वाटतं.

१२१४ मधे ते काश्मीरला परतले, १२२५ मधे वारले.

पोथी मात्र तिबेटातच राहिली. बिहार-बंगालच्या दमट हवेत, वाळवीत ताडपत्र फार टिकत नाही, तिबेटच्या कोरड्या थंडीत ते शतकानुशतकं टिकतं. तिच्यावर मागाहून तिबेटीत मालकांची नावं लिहिलीयेत, त्यात शाक्यश्रीभद्र आहेत, आणि नंतर शालू मठाचे बुतोन (१२९०-१३६४), ज्यांनी तिबेटी बौद्ध ग्रंथांची शिस्तशीर यादी लावली तेच. आज तिची पानं आणि फळ्या न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत आहेत.