मोटर सुरू झाली की रीडिंग का नाचतं?

मशीन उभं असताना प्रेशरचं रीडिंग स्थिर असतं. मोटरला स्टार्ट मिळतो, ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाची, गुणगुण सुरू होते आणि स्क्रीनवरचा आकडा नाचायला लागतो. मग प्रेशर मोजून सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर बदलला जातो, पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, इनपुट कार्ड बदललं जातं, तरी आकडा नाचतोच. बिघाड त्या दोघांत नसतोच मुळी. बहुतेक वेळा तो पॅनेलच्या वायरिंगमध्ये असतो.

[दृश्य: ऑसिलोस्कोपवर ड्राइव्हच्या आउटपुटचे पल्स]

हे पाहा ड्राइव्हचं आउटपुट. 400 व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय आत जाऊन साधारण 565 व्होल्ट डीसी होतो. आयजीबीटी, म्हणजे ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच, हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि त्यातून मोटरचा वेग हवा तसा मिळतो. मोटरचा करंट बऱ्यापैकी साइन वेव्हसारखा दिसतो, पण व्होल्टेजच्या कडा बघा, अगदी उभ्या. शून्यापासून 565 व्होल्टपर्यंतची ही चढण 0.1 मायक्रोसेकंदात पूर्ण होऊ शकते.

आता थोडा हिशोब करू. मोटरची साधी, शील्ड नसलेली केबल आणि सिग्नलची वायर एकाच ट्रेमधून शेजारी-शेजारी गेल्या आहेत. दोघींमध्ये 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर प्रत्येक कडेला क्षणभर अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट पलीकडे उडी मारतो. आणि आपला सिग्नल असतो 4 ते 20 मिलिअँपिअरचा! त्या बिचाऱ्या ट्रान्समीटरला दोष कसा द्यायचा?

हा करंट जिथून निघाला त्या ड्राइव्हकडे परत जाणारच. तो पूर्ण अडवता येत नाही. परतीची जवळची, रुंद वाट आपण दिली नाही, तर तो अर्थिंगमधून, पत्र्यातून, सिग्नलच्या वायरीतून मिळेल तशी वाट काढतो. नॉइजचं, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणाऱ्या या नको त्या करंटचं, काम करताना आधी ही वाट शोधावी, फिल्टर त्यानंतर.

[दृश्य: मोटर केबलच्या शील्डचं टोक, अगदी जवळून]

या केबलला शील्ड, म्हणजे वायरींभोवती धातूची जाळी, आहे, पैसेही त्याचे मोजलेत. पण टोकाला जाळी पिळून शेपटीसारखी केली आणि लग मारून अर्थ बारला जोडली. मीटरवर कंटिन्युटी उत्तम येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मात्र 10 सेंटीमीटरच्या या शेपटीचा इंडक्टन्स सुमारे 0.1 मायक्रोहेन्री असतो. 50 हर्ट्झला तो जाणवतही नाही. 10 मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सहा ओहमच्या वर जातो आणि शील्ड जवळपास निकामी होते.

आता हीच जाळी उघडी करून क्लॅम्पखाली चारी बाजूंनी दाबून बसवली. क्लॅम्प थेट गॅल्वनाइज्ड माउंटिंग प्लेटवर. प्लेटला रंग असेल तर तेवढी जागा खरवडून धातू उघडा करायचा. मोटरच्या टोकाला धातूचा ईएमसी ग्लँड, म्हणजे केबल आत घेताना शील्डलाही चारी बाजूंनी पकडणारा जोड. मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना जोडलेली हवी. अॅनालॉग सिग्नलच्या शील्डला मात्र ग्राउंड लूप (दोन अर्थ जोडण्यांमधून शील्डमध्ये फिरणारा करंट) टाळण्यासाठी बऱ्याचदा एकच टोक जोडतात, आणि या दोन नियमांची गल्लत साइटवर सर्रास होते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट अजिबात विसरू नका. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हचे कपॅसिटर काही मिनिटं चार्ज असतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, मग डीसी बसचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या त्या डीसीचं, व्होल्टेज मोजा, मगच हात घाला.

केबल वेगळ्या ट्रेमधून न्या. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. सिग्नलसाठी पिळाची जोडी वापरा. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलकडेही बघा, कारण ती सुटताना हजार व्होल्टच्या पुढचा झटका देऊ शकते. हा झटका शोषायला एसी कॉइलला आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी), डीसी कॉइलला उलटा डायोड. डायोडने कॉन्टॅक्टर थोडा उशिरा सुटतो, तेवढं ध्यानात ठेवा.

ईएमसी फिल्टर, म्हणजे नॉइज अडवणारा फिल्टर, बसवूनही फरक पडला नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डक्ट उघडून बघा. फिल्टरच्या इनपुटच्या आणि आउटपुटच्या वायरी एकत्र बांधलेल्या असल्या, तर नॉइज फिल्टरला वळसा घालून सरळ पुढे जातो.

खात्री करायची असेल तर ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी चालू-बंद होण्याचा वेग, 8 किलोहर्ट्झवरून 4 वर आणा. मोटरचा आवाज वाढेल. त्याच वेळी रीडिंगचं नाचणं कमी झालं, तर नॉइज ड्राइव्हमधूनच येतोय असं समजा.

[दृश्य: उघडलेलं बेअरिंग, आतल्या रिंगवर समान अंतराच्या आडव्या रेघा]

आणि मोटर जुनी नसताना बेअरिंग आवाज करायला लागलं, तर ते असं उघडून बघा. या रेघा ग्रीस कमी पडल्याच्या नाहीत. शाफ्टवर साठलेलं व्होल्टेज ग्रीसचा पातळ थर फोडून बेअरिंगमधून पुन:पुन्हा डिस्चार्ज झालं, त्याचे हे डाग आहेत. नुसतं नवं बेअरिंग घातलं तर तेही असंच जाईल. मोटर केबलची शील्ड नीट करा, शाफ्टला ग्राउंडिंग रिंग लावा, आणि मोटर मोठी असेल तर लोड न जोडलेल्या टोकाला (नॉन-ड्राइव्ह एंड) इन्सुलेटेड बेअरिंग बसवा.