झोतातील ऊर्जेचा प्रकाश कसा होतो?

21 ऑगस्ट 2016 रोजी फर्मी अवकाश दुर्बिणीने आणि भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने एकाच गॅमा-किरण स्फोटाची, म्हणजे गॅमा किरणांच्या अल्पकाळ टिकणाऱ्या प्रखर लखलखाटाची, नोंद केली. असे दीर्घ स्फोट बहुधा महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनताना घडतात आणि त्यांतून प्रकाशाच्या वेगाशी जवळजवळ बरोबरी करणारे दोन झोत बाहेर पडतात. फिरत्या कृष्णविवराभोवतीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या परिवलनाची ऊर्जा उपसून झोताला देऊ शकते, हे ब्लँडफोर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी 1977 मध्येच मांडले होते. खरा पेच त्यापुढचा आहे: क्षेत्रात साठलेली ऊर्जा आपोआप प्रकाशत नाही, मग तिचे गॅमा किरण होतात कसे?

जुन्या कल्पनेनुसार झोतातील वेगवान थर पुढच्या संथ थरांवर आदळतात आणि त्या आघातांत इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते. पण झोतात चुंबकीय ऊर्जेचा वाटा मोठा असेल, तर क्षेत्राचा दाब प्लाझ्माला, म्हणजे झोतातील विद्युतभारित कणांच्या वायूला, दबू देत नाही आणि आघात दुबळे पडतात. म्हणून अधिक पटते ती चुंबकीय पुनर्जोडणी. झोत पिळवटून नागमोडी झाला, की विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जुळतात. तेथे मोकळी झालेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन उरलेल्या क्षेत्राभोवती फिरतात आणि गॅमा किरणांच्या रूपात सिंक्रोट्रॉन प्रारण उत्सर्जित करतात.

याची पारख ध्रुवणाने, म्हणजे प्रारणाच्या लहरींची कंपने किती प्रमाणात एकाच दिशेत आहेत यावरून, होऊ शकते, कारण सुसूत्र क्षेत्रातून आलेले प्रारण ठळकपणे ध्रुवित असते आणि क्षेत्र विस्कटले की ध्रुवण घटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रासह अनेक संस्थांनी घडवलेले अ‍ॅस्ट्रोसॅटवरील सीझेडटीआय हे उपकरण, किरण शोधकात कोणत्या दिशेने विखुरतात यावरून ध्रुवण मोजते. आयुकातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलेली गोष्ट विलक्षण आहे: 2016 च्या त्या स्फोटात ध्रुवण तीव्र होते, आणि तेज चढताना एकदा व उतरताना पुन्हा एकदा त्याची दिशा सुमारे 80 अंशांनी वळली.

असे वळण संपूर्ण स्फोटाच्या सरासरीत विरून जाते. सीझेडटीआयच्या पाच वर्षांच्या निरीक्षणांतील 20 स्फोटांपैकी बहुतेकांचे ध्रुवण कमी आढळले. त्यांच्या झोतांतील क्षेत्र पुनर्जोडणीने खरोखर विस्कटले होते, की ध्रुवणाची दिशाच बदलत राहिली, हे सरासरीवरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक स्फोट काळाच्या छोट्या तुकड्यांत मोजावा लागेल, आणि तेवढे किरण टिपायला याहून मोठे शोधक अवकाशात पाठवावे लागतील.