कोचला नारळ द्यायचा का?

नमस्कार मंडळी. आज बास्केटबॉलवर बोलायचंय, आणि लगेच रेडिओ बंद करू नका, यात आपला एक मुंबईकर माणूस पण आहे, येतोच त्याच्याकडे. तर अमेरिकेतली ती एनबीए, म्हणजे तिथली बास्केटबॉलची मोठी लीग, 30 टीम, एकेका टीमच्या सीझनला 82 मॅचेस. एवढ्या मॅचेस म्हटल्यावर कधीतरी कुठलीतरी टीम सलग आपटणारच, आणि आपटायला लागली की आठवड्याभरात एकच आरडाओरडा सुरू, कोच बदला, कोचला नारळ द्या. तर द्यावा का नारळ, हा आजचा विषय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच तुमच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि उठावं लागलं तरी काही बिघडणार नाही. टीममध्ये जिंकायचा दम आहे आणि गाडी कुठेतरी अडलीये, तर कोच बदलून उपयोग होतो. टीममध्ये मुळात दमच नाही, तर कोच बदलून फक्त मालकाला वर्षभराची उसंत मिळते. परत सांगतो. दम आहे आणि अडलीये, बदला. दमच नाही, तर कोच बदलणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आता आपला मुंबईकर. विवेक रणदिवे, जन्म मुंबईतला, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये पैसा कमावला आणि 2013 ला सॅक्रामेंटो किंग्ज नावाची टीमच विकत घेतली. 2019 च्या ऑक्टोबरात त्यांनी ती वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणली होती, एनबीएच्या भारतातल्या पहिल्याच मॅचेस, समोर इंडियाना पेसर्स, आणि पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने हरले, 132-131. तर या रणदिवेंच्या कारकिर्दीत कोच किती झाले बघा. पहिला मायकेल मलोन, त्याला 2014 च्या डिसेंबरात काढला, टीम 11 जिंकलेली 13 हरलेली, आणि त्यात मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेनिंजायटिसने आजारी, म्हणजे हरणार नाही तर काय. मग कॉर्बिन, मग कार्ल, मग जोर्गर, मग वॉल्टन, मग जेन्ट्री, मग माइक ब्राऊन. या ब्राऊनने 2023 मध्ये 16 सीझनचा दुष्काळ संपवून टीमला प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये नेलं, सगळ्या मतदारांनी एकमताने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच ठरवलं, आणि 2024 च्या डिसेंबरात त्यालाही नारळ. तो पण कसा, तर प्रॅक्टिस घेऊ दिली, पत्रकारांशी बोलू दिलं, आणि मग गाडीतून एअरपोर्टला निघालाय तेव्हा फोन. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींना सुद्धा लोक असं काढत नाहीत, निदान काढू नये.

बरं. आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतलाय ती गोष्ट. ही मी याआधी सांगितली असेल तर जुन्या श्रोत्यांनी माफ करा, पण ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, कॉमेंटेटरची, त्यामुळे मला ती कितीही वेळा चालते.

1979 साल. लॉस एंजेलिस लेकर्स. नवा मालक जेरी बस, नवा पोरगा मॅजिक जॉन्सन, जुना जाणता करीम अब्दुल-जब्बार, आणि नवा कोच जॅक मॅकिनी. आणि मॅच सांगायला माइकवर चिक हर्न नावाचा एक दादा माणूस, लेकर्सचा आवाज म्हणजे चिक हर्न. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून अधूनमधून दोन शब्द बोलणारा एक रिटायर झालेला खेळाडू, पॅट रायली. शेजारच्या खुर्चीचं दुःख मला विचारा. समोरचा श्वास घ्यायला थांबेल तेवढ्यात तुमचं वाक्य संपवायचं असतं. (आता तर टीव्हीवर तिघं-चौघं एकदम बोलतात आणि बॉल कुणाकडे आहे ते एकजण सांगत नाही. रेडिओवर असं केलं तर दुसऱ्या दिवशी पत्रांचा पाऊस पडेल. असो.)

तर मॅकिनीने 13 मॅचेस घेतल्या, 9 जिंकल्या, जोरात काम चाललेलं. आणि सुट्टीच्या दिवशी हा गडी सायकलवरून टेनिस खेळायला निघाला. टेनिस कुणाबरोबर, तर आपलाच असिस्टंट पॉल वेस्टहेड. वाटेत सायकल अडकली, मॅकिनी हँडलवरून पुढे फेकला गेला, डोक्यावर आपटला, बेशुद्ध. तिकडे वेस्टहेड टेनिस कोर्टवर वाट बघत उभा. जीव वाचला, पण कोच म्हणून उभं राहणं त्या सीझनला शक्यच नव्हतं. मग वेस्टहेड झाला कोच. वेस्टहेड म्हणजे इंग्रजी साहित्य शिकवणारा माणूस. आता वेस्टहेडला असिस्टंट कोण? त्याने बघितलं इकडे तिकडे, आणि त्या शेजारच्या खुर्चीतल्या रायलीला उचललं. माइक खाली ठेव आणि बेंचवर येऊन बस.

आणि ती टीम 1980 ची चॅम्पियन झाली. शेवटच्या मॅचला करीमचा पाय मुरगळलेला, 20 वर्षांचा मॅजिक त्याच्या जागी सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागेवर, उभा राहिला आणि 42 पॉइंट. मॅकिनीचं काय? त्याला परत घेतलंच नाही, वेस्टहेडलाच कायम केलं. मॅकिनी गेला इंडियानाला आणि पुढच्याच सीझनला सर्वोत्तम कोचचं बक्षीस घेऊन बसला. म्हणजे माणूस चांगलाच होता, बरं का. नशीब सायकलवरून पडलं.

इथून पुढे खरी मजा. 1981 ला लेकर्स पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून हरून बाहेर. वेस्टहेडने ठरवलं की आता खेळायची पद्धत बदलायची, म्हणजे धावाधाव कमी, बॉल सावकाश करीमकडे द्यायचा, सगळ्यांनी ठरलेल्या जागी उभं राहायचं. मॅजिकला घोड्यासारखं पळायची सवय, त्याला हे सहन होईना. नोव्हेंबरात सॉल्ट लेक सिटीत मॅच होती, युटाहविरुद्ध. जिंकले. जिंकले हे लक्षात ठेवा. मॅचमध्ये दोघांची खटकली होती, नंतर वेस्टहेडने मॅजिकला बाजूच्या खोलीत नेऊन झापलं, आणि मॅजिक बाहेर येऊन पत्रकारांना सांगून मोकळा, मला इथे खेळायचं नाही, मला दुसऱ्या टीमला द्या. दुसऱ्या दिवशी वेस्टहेडला नारळ. टीम 7 जिंकलेली, 4 हरलेली, त्यातले शेवटचे पाच सलग जिंकलेले! मालक म्हणाला की माझं आधीच ठरलं होतं, मॅजिकमुळे नाही. ठीक आहे, म्हणाला तर म्हणाला.

आणि मग ती पत्रकार परिषद. हॉल भरलेला, सगळ्यांना एकच उत्सुकता, नवा कोच कोण. जेरी बस उभा राहिला आणि त्याने सांगितलं की जेरी वेस्ट, म्हणजे लेकर्सचा जुना महान खेळाडू, एनबीएच्या लोगोवर ज्याची आकृती आहे म्हणतात तो, हा आक्रमणाची बाजू बघेल, आणि पॅट रायली पण कोच राहील. पत्रकार एकमेकांकडे बघायला लागले. म्हणजे मुख्य कोच नक्की कोण? बस म्हणाला, मी मुद्दामच एकाला मुख्य आणि दुसऱ्याला असिस्टंट असं म्हटलेलं नाही. परत प्रश्न. परत तेच गोल गोल. डोळ्यासमोर आणा, जगातली एवढी मोठी टीम, कॅमेरे चालू, आणि मुख्य कोच कोण हे खुद्द मालकाला सांगता येईना. शेवटी जेरी वेस्ट पुढे आला. त्याने आधी तीन वर्षं हीच नोकरी केली होती आणि त्याला ती अजिबात मानवली नव्हती, तर त्याने सरळ सांगितलं की मी रायलीच्या हाताखाली काम करणार आहे. झालं. दोन वर्षांपूर्वी चिक हर्नच्या शेजारी बसणारा माणूस लेकर्सचा मुख्य कोच, आणि ते सुद्धा दुसऱ्याने खुर्ची नको म्हटल्यामुळे.

घरच्या पहिल्या मॅचला मॅजिकचं नाव पुकारलं तर लेकर्सच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आणि त्या सीझनला तीच टीम चॅम्पियन. रायलीने लेकर्सला एकूण चार विजेतेपदं मिळवून दिली, 82, 85, 87, 88.

आता लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, कोच बदलला की चमत्कार होतो. अहो पण बेंचसमोर मैदानात कोण होतं? मॅजिक आणि करीम. दम होता, अडली होती. म्हणून बदल लागू पडला. सॅक्रामेंटोत तेवढा दम कधीच नव्हता, म्हणून तिथे सात नारळ फुटले तरी देव प्रसन्न झाला नाही.

याच रायलीचं पुढे बघा. तो मायामी हीट या टीमचा मोठा साहेब झाला. 2005 च्या डिसेंबरात टीम 11 जिंकून 10 हरलेली, कोच व्हॅन गंडी घरच्यांना वेळ द्यायचाय म्हणून बाजूला झाला, रायली स्वतः बेंचवर उतरला आणि 2006 ला चॅम्पियन. टीममध्ये शकील ओनील आणि ड्वेन वेड, दम होताच. मग 2010. लेब्रॉन जेम्स आलेला, आणि पहिल्या 17 मॅचेसमध्ये 9 जिंकून 8 हरलेले, कोच एरिक स्पोल्स्ट्रा नुकता चाळिशीचा झालेला, मायामीत 1995 ला व्हिडिओ कापायच्या कामाला लागलेला पोरगा. डॅलसच्या मॅचला टाइमआउटमध्ये लेब्रॉनचा खांदा त्याला लागला, ते दृश्य टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं की विचारू नका. सगळ्यांना वाटलं म्हातारा रायली आता परत खाली उतरणार, स्वतः कोच होणार. लेब्रॉनने स्वतः त्याला विचारलं होतं की परत कोचिंग करावंसं वाटत नाही का. रायली म्हणाला, नाही. त्या सीझनला फायनल, आणि पुढची दोन्ही वर्षं, 2012, 2013, चॅम्पियन. म्हणजे दम असला तरी दर वेळी बदलायलाच हवं असंही नाही, कधी कधी नुसतं थांबायचं असतं. हे आमच्या शाळेच्या ग्राउंडबाहेर उभं राहून सरांवर ओरडणाऱ्या पालकांना कोणीतरी सांगा. अंडर-12 ची मॅच असते हो ती!

मग कोचलाच का धरतात, तर हिशोब सोपा आहे. खेळाडू 15, त्यांचे करार पक्के, दुसऱ्या टीमशी अदलाबदल करायची तर पगार जुळवत बसा. कोच एकटा. चोर सोडून संन्याशाला सुळी. बरं, संन्याशाचे पैसे पण द्यावेच लागतात. डेट्रॉइट पिस्टन्सने 2023 ला मॉन्टी विल्यम्सशी 6 वर्षांचा करार केला, 7 कोटी 85 लाख डॉलर. टीम त्या सीझनला सलग 28 मॅचेस हरली. अठ्ठावीस. सीझन संपला तेव्हा 14 जिंकलेल्या, 68 हरलेल्या. एका वर्षात विल्यम्स घरी. नवा कोच बिकरस्टाफ आला आणि पुढच्या सीझनला 44 जिंकले, त्यामुळे तिथले लोक म्हणतात काढला ते बरं केलं, आणि मी नाही म्हणत नाही. फक्त त्याच उन्हाळ्यात वरचा साहेब पण बदलला होता, लांबून बास्केट टाकणारे अनुभवी खेळाडू घेतले होते, आणि केड कनिंगहॅम नावाचा पोरगा खेळात चांगला तयार झाला होता. नुसता कोच बदलला असता तर 20 च्या पुढे गेले नसते असं माझं मत.

उलटी गोष्ट सॅन अँटोनियोची. 1996 ला ग्रेग पॉपोविच तिथला मॅनेजर होता, टीम 3 जिंकून 15 हरली, त्याने कोचला काढून स्वतःच जागा घेतली. आणि स्वतः काय केलं? 17 जिंकल्या, 47 हरल्या. मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जखमी, दम कुठून येणार. आजच्या हिशोबाने पॉपोविचला मार्चमध्येच नारळ मिळाला असता. त्याला ठेवला, 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू टीमना वाटून देतात त्यात, टिम डंकन मिळाला, आणि मग पाच विजेतेपदं.

आणि तो पहिला मलोन, रणदिवेंनी काढलेला? तो डेन्व्हरला गेला, 2023 ला त्यांना चॅम्पियन केलं. ब्राऊनला फोनवरून काढलं तेव्हा सगळ्यात जास्त चिडला तो हाच. आणि चारेक महिन्यांत, 2025 च्या एप्रिलमध्ये, सीझनच्या फक्त तीन मॅचेस उरलेल्या असताना डेन्व्हरने त्याला पण नारळ दिला. ब्राऊनला तोवर फुरसतच फुरसत, पण जुलैत न्यूयॉर्क निक्सने उचलला त्याला. निक्सने आधीचा कोच काढला तो टीमला 25 वर्षांनी कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला नेल्यावर. आता यावर मी काय बोलू. वेळ पण संपलीये, तिकडून हातवारे चाललेत. बातम्या ऐका, मंडळी.