जुळी देणाऱ्या मेंढीचं जनुक

नमस्कार श्रोतेहो. माणदेशातल्या कुठल्याही धनगराला विचारा, दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं क्वचित. तिकडे सुंदरबनच्या दलदलीत चरणारी गॅरोल मेंढी वजनाला जेमतेम १०-१५ किलो, पण दोन-तीन कोकरं हा तिचा शिरस्ता.

मेंढीच्या अंडाशयात बीज वाढतं ते पुटिकेत, म्हणजे पेशींच्या इवल्याशा पिशवीत. या पुटिका ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पुढे दर माजाला अनेक पुटिका वाढायला लागतात, बहुतेक अर्ध्यातच जिरतात आणि एखादीच पिकून बीज सोडते. गॅरोलमध्ये बीएमपीआर-वन-बी नावाच्या जनुकातलं, म्हणजे आईबापाकडून पेशीत आलेल्या सूचनेतलं, एकच अक्षर बदललेलं आहे. तेवढ्यानं पुटिका लहान असतानाच पिकतात आणि एकीऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. हा बदल २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत ओळखला गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे मेंढ्या गेल्या होत्या, त्यांच्यातूनच तो पोचला असावा.

मला थक्क करते ती न्यूझीलंडची इनव्हरडेल मेंढी. तिच्यात बीएमपी-फिफ्टीन हे दुसरं जनुक बदललेलं असतं. मेंढीत अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बदललेली एक प्रत असेल तर मेंढी जुळी देते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर पुटिका पहिल्याच पायरीवर अडतात आणि मेंढी वांझ राहते! जे जनुक कोकरं वाढवतं, तेच दुप्पट झालं की कूस बंद करतं.

गॅरोलच्या जनुकाला हा धोका नाही. म्हणूनच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ते दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. अंगापिंडानं दख्खनी, वेताला बऱ्याचदा जुळं.

मात्र मेंढपाळ बंधूभगिनींनो, जनुक कोकरं देतं, दूध देत नाही. माळावर चारा आटला की तिसरं कोकरू जगवणं अवघड. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात आणि विल्यावर मेंढीला वरचा खुराक द्यायलाच हवा. आणि मेंढा घेताना या जनुकासाठी त्याची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारा. मेंढ्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर त्याच्या प्रत्येक लेकीकडे बदललेली एक प्रत येणारच. एकच असेल, तर निम्म्याच लेकींकडे यायची शक्यता.