काट्यावरची मेमरी

(दृश्य: वणी तालुका, यवतमाळ जिल्हा. जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप, मधेच एखादी बैलबंडी.)

कापसाची गाडी इथे काट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग रिकामी. दोन वजनांतला फरक पावतीवर छापून येतो आणि त्यावरच शेतकऱ्याचा चुकारा ठरतो. पावती छापणारं सॉफ्टवेअर अडलं, की मागची सगळी रांग अडते.

हे सॉफ्टवेअर सी भाषेतलं, मुळात विंडोजसाठी लिहिलेलं. पण हंगामात वीज जाते-येते, आणि जुना संगणक बॅटरीवर फार टिकत नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या एका प्रोग्रामर मुलीने ते लिनक्सवर आणलं, 1 जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डावर. हिशेबाच्या खोलीत मात्र विंडोजच राहिलं. कोड एकच, चालायला हवा दोन्हीकडे.

(दृश्य: काट्याची केबिन.)

काटेवाल्याचा फोन आला तो असा: "ताई, लाईन तं नाई गेली, मंग काटा काऊन बंद पडला?"

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत उत्तर होतं: 'आउट ऑफ मेमरी', मेमरी संपली. प्रोग्राम स्वतःहून पडला नव्हता, लिनक्सने तो मारला होता. प्रत्येक पावतीमागे थोडी मेमरी घेतली जायची आणि परत दिलीच जायची नाही. ही गळती जुनीच. पूर्वी संगणक रोज रात्री बंद व्हायचा, त्यामुळे ती कधी दिसली नाही. बोर्ड रात्रंदिवस चालू राहिला आणि ती उघडी पडली.

खरं नवल पुढे आहे. मॅलॉकने (सीमधलं मेमरी मागायचं फंक्शन) नकार दिला, म्हणजे नल, रिकामा पत्ता, परत आला, तर नोंदी जतन करून नीट बंद व्हायचं, अशी सोय कोडमध्ये होती. ती एकदाही वापरात आली नाही, कारण लिनक्स सहसा नकारच देत नाही. सगळ्यांचा कापूस एकाच दिवशी येत नाही या भरवशावर गोदामवाल्याने प्रत्येकाला "आणा, जागा आहे" म्हणावं, तसा त्याचा कारभार. मागितल्यावर नुसते पत्ते मिळतात. खरं पान (मेमरीचा ठरावीक तुकडा), बहुतेक यंत्रांवर 4 केबीचं, प्रोग्रामने तिथे पहिल्यांदा काही लिहिलं की मिळतं. जागा संपली की ओओएम किलर, म्हणजे अशा वेळी प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, कुणाला तरी उडवतो, आणि त्याचा 9 क्रमांकाचा सिग्नल प्रोग्रामला अडवता येत नाही. आवराआवर करायलाही सवड नाही.

विंडोज इथे कडक आहे. रॅम आणि पेजफाइल (डिस्कवरची जादा जागा) मिळून जेवढं निभावता येईल, तेवढंच कबूल करतं. पुढे सरळ नकार. काट्यासारख्या कामाला हा रोखठोकपणा बरा, असं आमचं मत. लिनक्सलाही तसं वागायला लावता येतं: ओव्हरकमिटची, म्हणजे असल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करण्याची, सेटिंग 2 केली की मर्यादा सगळा स्वॅप (लिनक्सची डिस्कवरची जादा जागा) अधिक रॅमचा निम्मा भाग, एवढीच राहते. पण मग मेमरी शिल्लक असूनही काही प्रोग्राम अडतात.

(दृश्य: लॅपटॉपवर व्हॅलग्राइंडचा अहवाल.)

गळतीची नेमकी ओळ व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाने दाखवली. हे साधन विंडोजवर चालत नाही, म्हणजे लिनक्सवर येण्याचा हा एक फायदाच झाला.

उलट दिशेचा त्रास वेगळा होता. पावतीचा मजकूर तयार करणारी नवी लायब्ररी आधी लिनक्सवर लिहिली गेली. मजकुराची मेमरी लायब्ररी घ्यायची, सोडायचा मुख्य प्रोग्राम. लिनक्सवर हे बिनबोभाट चाललं, कारण तिथे साधारणपणे सगळ्या प्रोग्रामचा मिळून मॅलॉक एकच असतो. विंडोजवर डीएलएल, म्हणजे तिथली लायब्ररीची फाइल, आपला वेगळा सी-रनटाइम (सीची मूलभूत फंक्शनं) घेऊन आली, तर तिचा हीपही, म्हणजे मॅलॉकचा मेमरीचा साठाही, वेगळा. एका हीपातली मेमरी दुसऱ्याच्या फ्री या सोडणाऱ्या फंक्शनला दिली, की प्रोग्राम कोसळतो. आता लायब्ररीतच मजकूर सोडणारं फंक्शन आहे. ज्याने घेतलं, त्यानेच सोडायचं. बारीकसारीक बाकीही निघालं: 64-बिट विंडोजवर सीमधला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार 32 बिटांचा, लिनक्सवर 64 बिटांचा, त्यामुळे लाँगमध्ये ठेवलेला पत्ता विंडोजवर अर्धा कापला जायचा.

(दृश्य: ट्रॉली काट्यावर चढते आहे.)

शेवटी त्या मुलीने मांडणीच बदलली. प्रोग्राम सुरू होतानाच मेमरीचे ठरावीक गाळे घेऊन ठेवतो: थेट प्रणालीकडून, विंडोजवर व्हर्च्युअलॲलॉक या फंक्शनने, लिनक्सवर एममॅपने. लिनक्सवर प्रत्येक पानावर एकदा लिहूनही घेतो, म्हणजे जागा तेव्हाच खरोखर ताब्यात येते. गाडी काट्यावर आली की तिच्या नावाने एक गाळा लागतो आणि तिचं सगळं त्यातच मावतं. रिकाम्या गाडीचं वजन होऊन पावती निघाली, की गाळा एकदम मोकळा. तुकडा-तुकडा आठवून सोडायची भानगड नाही. गाळे संपले तर पडद्यावर तसं लिहून येतं आणि काटेवाला पुढची गाडी थांबवतो. दोन्ही प्रणालींसाठी वेगळा लिहावा लागलेला कोड आता एका छोट्या फाइलमध्ये आहे.