सहा कागद, अर्धा तास, बोलायचं नाही

[दृश्य : सोसायटीचं ऑफिस. लांब टेबल, सहा खुर्च्या, फळा.]

एरवी मीटिंगच्या दिवशी या खोलीतला आवाज गेटपर्यंत जातो. आज सहा जण न बोलता कागदावर कल्पना लिहायला बसलेत आणि पंख्याची घरघर ऐकू येतेय. फळ्यावरचा प्रश्न मात्र जुनाच : ‘ओला कचरा घरातच वेगळा होऊन खाली यावा, यासाठी काय काय करता येईल?’

प्रश्नाचे शब्द नीट बघा. ‘कचऱ्याचं काय करायचं?’ असं लिहिलं, तर निम्मा कागद महापालिकेच्या नावानं बोटं मोडण्यात जातो. ‘दोन डबे कसे वाटायचे?’ असं लिहिलं, तर उत्तर आधीच ठरलेलं. एकच वाक्य, एकच अडचण, आणि त्यात उत्तर लपलेलं नको. त्यावर दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्यावीत.

[दृश्य : पट्टीनं आखले जाणारे कागद, जवळून.]

ए-फोर कागद आडवा धरायचा. तीन रकाने, सहा ओळी. चौकोन झाले 18. माणशी एक कागद. पेनं सगळ्यांची एकाच रंगाची. चेअरमनचं हिरव्या शाईतलं अक्षर दिसलं की पुढच्याचा हात आखडतो.

[दृश्य : मोबाइलवरचा टायमर. वाकलेल्या माना.]

पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या. घंटा वाजली की कागद उजवीकडे सरकवायचा. आता समोर शेजाऱ्याचा कागद. तो वाचायचा, त्यात भर घालायची, त्याला वेगळं वळण द्यायचं, नाहीतर सरळ नवं लिहायचं. अशा सहा फेऱ्या. 30 मिनिटांत 108 चौकोन. बर्न्ड रोरबाख या जर्मन सल्लागारानं 1968 मध्ये मांडलेली ही रीत 6-3-5 म्हणून ओळखली जाते : सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं.

108 हा अर्थात हिशेबातला आकडा. तेच ते पुन्हा आलेलं आणि कोरं राहिलेलं वगळलं की तो बराच खाली येतो.

[दृश्य : ग्राफिक. चार माणसं एका टेबलाशी. शेजारी चार वेगळ्या खोल्या.]

मग सरळ बोलतच का नाही बसायचं? बोलत बसण्याची पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्यानं रूढ केली. टीका नको, संख्या हवी, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, असे त्याचे नियम. गटात माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा त्याचा दावा होता. 1958 मध्ये येल विद्यापीठात तो तपासला गेला. एकीकडे चौघांचे गट. दुसरीकडे एकेकट्यानं विचार करणारे चौघे, ज्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या आणि सारख्या कल्पना एकदाच मोजल्या. प्रत्येक प्रश्नाला वेळ 12 मिनिटं. जवळपास दुप्पट कल्पना निघाल्या, पण एकेकट्यांच्या! (ऑस्बॉर्नची बाजू सांगायची तर, एकट्यानं विचार करू नका असं तो कधी म्हणाला नव्हता. लोकांनी त्याची मीटिंग तेवढी उचलली.)

[दृश्य : ग्राफिक. लाल-हिरवा दिवा.]

गटात कल्पना कमी का निघतात, याचं कारण 1987 मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी दाखवलं. माणसं वेगळ्या खोल्यांत बसवली. दुसरा बोलत असताना लाल दिवा, म्हणजे थांबायचं. एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसलं तरी कल्पना घटल्या. नुसती पाळीची वाट बघणंच नडतं. सुचलेलं धरून ठेवायचं, की नवं शोधायचं? दोन्ही एकदम जमत नाही. अर्ध्या तासात सहा जण बोलणार, म्हणजे वाट्याला येतात पाच मिनिटं आणि उरलेली 25 वाट बघण्यात. कागदावर सहाही पेनं एकदम चालतात.

[दृश्य : चौथी फेरी. एक पेन हवेत थांबलेलं.]

अडतं ते इथं. चौथ्या फेरीत समोर नऊ कल्पना असतात. वाचण्यातच दोन मिनिटं जातात. म्हणून इथून पुढं वेळ सात मिनिटं करावा. ‘जनजागृती’ असा एकच शब्द लिहिला, तर शेजाऱ्याला काही कळत नाही. कोण, कुठं, कधी हे एका ओळीत यायला हवं. आणि ज्याला लिहायचा सराव नाही, त्याच्या शेजारी लिहून देणारा बसवा. जिन्यातल्या बादल्या रोज उचलणाऱ्या माणसाला या टेबलावर जागा नसेल, तर बाकीचे पाच कागद बरेचसे अंदाजावरच भरतात.

[दृश्य : दोरीला लावलेले सहा कागद. बोटांवर लाल टिकल्या.]

निवडही आधी मुक्यानंच. प्रत्येकाला तीन टिकल्या. स्वतःच्या कल्पनेला लावायची नाही. सगळ्यांनी एकदमच उठायचं, नाहीतर पहिल्या टिकलीमागं बाकीच्या जातात. जास्त टिकल्या मिळालेल्या कल्पना पुढं खर्चाच्या तक्त्यात जातात, काही तिथंच गळतात.

[दृश्य : चहाचे कप येतात. खुर्च्या सरकतात.]

आता बोला. खर्च किती, करणार कोण, आडकाठी कुठं, हे सहा तोंडांनीच नीट तपासलं जातं.

[नैसर्गिक आवाज सुरू. निवेदन समाप्त.]