ब्रायटन : आजारी माणसांनी वसवलेलं गाव

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? तो खांबाजवळचा पंखा बंद करा कुणीतरी, त्याच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाहीये. हां. तर बाहेर फळ्यावर सेक्रेटरींनी ‘ब्रायटन : इतिहास व प्रेक्षणीय स्थळे’ असं लिहिलंय, ते मी दिलेलं नाव नाही. मी दिलं होतं ‘आजारी माणसांनी वसवलेलं गाव’, पण ते म्हणाले मॅडम आजाराचं नाव काढलंत तर कोणी येणार नाही, आपल्याकडे महिन्याला एक व्याख्यान गुडघ्यांवर असतंच. असो. शेवटी मी तुम्हाला एका गोडबोल्याची गोष्ट सांगणार आहे. खरं तर त्याच्यासाठीच मी उभी राहिलेय, तेव्हा मध्येच चहाला उठू नका.

आता मी ब्रायटनला, म्हणजे इंग्लंडच्या त्या समुद्रकाठच्या गावाला, कशी पोचले ते सांगते, कारण तो राग अजून माझ्या डोक्यात आहे. पहिल्यांदा आम्ही गेलो ते टूरबरोबर. कुठल्या ते विचारू नका, नाव घेणार नाही. लंडनहून एका दिवसाची सहल, छापील कागदावर ‘ब्रायटन – पूर्ण दिवस’. आता पूर्ण दिवस म्हणजे काय, तर सकाळी साडेआठला बस निघणार होती ती पावणेदहाला निघाली कारण एका कुटुंबाचा पासपोर्ट हॉटेलच्या गादीखाली राहिला होता, मग वाटेत एक दुकान दाखवायचं ठरलेलंच असतं, मग दुसऱ्यांदा वॉशरूम, आणि ब्रायटनला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. टूर मॅनेजर म्हणजे आपल्या नातवाच्या वयाचा मुलगा, तो म्हणाला, “काका-काकू, चार वाजता बसपाशी. जेवणाचे डबे घ्या, समोर समुद्र आहे, तिकडे फोटो काढा, इथे बाकी बघण्यासारखं काही नाहीये.” दीड ते चार! पैसे पूर्ण दिवसाचे!

आम्ही गेलो समुद्रावर. आता आपल्याला काय सवय, अलिबाग म्हणा मुरुड म्हणा, समुद्र दिसला की चपला हातात. मी चपला काढल्या, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला ‘आई गं’ म्हणून खालीच बसले. तिथे वाळू नाही हो! सगळे गोटे. बटाट्याएवढे, लिंबाएवढे, तपकिरी, करडे, गुळगुळीत दिसतात पण पायाखाली फिरतात आणि बरोबर तळव्याच्या मध्ये लागतात. लाट मागे जाते तेव्हा ते गोटे एकमेकांवर घासत खाली जातात, त्याचा आवाज कसा येतो माहितीये, सुपात हरभरे पाखडल्यासारखा. तेवढा आवाज मात्र मी अजून विसरले नाही. मी तळवा चोळत बसलेय, हे शेजारी उभे राहून दशमी खातायत (मी घरून नेल्या होत्या, डब्यातला तो जीरा राईस कोण खाणार), आणि मागून एक सीगल आला तो ह्यांच्या हातातली अख्खी दशमी घेऊन गेला. केवढा पक्षी! कोंबडीपेक्षा मोठा! लोकांना वाटेल पोह्याएवढी गोष्ट, पण ह्यांनी त्या दशमीचं दुःख थेट लंडनपर्यंत केलं.

मग मी म्हटलं आता बास, मला ऊन नको नि समुद्र नको, मी समोरच्या म्युझियमात बसते. आणि तिथे मला तो दिसला. एका भिंतीवर चित्र, इंग्रजी कोट, गळ्याला पांढरं फडकं, आणि चेहरा आपला. अगदी आपला, म्हणजे दादरच्या प्लॅटफॉर्मवर दिसेल असा. खाली नाव, शेख दीन महंमद, आणि त्याचा उद्योग लिहिला होता ‘शॅम्पूइंग सर्जन’. मी दोनदा वाचलं. चार वाजून दहा मिनिटांनी मी बसपाशी गेले तेव्हा सगळी बस माझ्याकडे बघत होती. ते जाऊ दे.

पण आधी मागे जाऊया. १७५० च्या आधी ब्रायटन म्हणजे ब्रायटहेल्मस्टन नावाचं मासेमारांचं गाव, आणि तेही पडत्या काळातलं, वादळांनी किनारा खाल्लेला. जवळच लुइस नावाच्या गावात एक डॉक्टर होते, रिचर्ड रसेल. त्यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला की गाठी-ग्रंथींच्या आजारांवर समुद्राचं पाणी हे औषध आहे. नुसतं अंघोळीला नाही बरं का, प्यायलाही! साधारण अर्धा लीटर. आता अर्धा लीटर खारं पाणी प्यायल्यावर पोट साफ होणारच, त्याला डॉक्टर कशाला पाहिजे, आपल्या आजीने मिठाचं कोमट पाणी देऊन हेच केलं असतं. पण लोक यायला लागले. श्रीमंत लोक. १७५३ मध्ये रसेलसाहेबांनी किनाऱ्यावरच घर बांधलं, म्हणजे पेशंट वर आणि औषध समोर.

आणि अंघोळ कशी? चाकं लावलेली लाकडी खोली, घोडा तिला पाण्यात ओढत नेणार, आत बाई कपडे बदलणार, आणि बाहेर पाण्यात उभी एक धिप्पाड बाई, जी हिला धरून खाली-वर बुचकळणार. त्या बायकांना ‘डिपर’ म्हणायचे, त्यांच्यात मार्था गन ही नामांकित, १७२६ ते १८१५. मला ही बाई फार आवडते. आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाया असतात ना, पदर खोचलेल्या, ‘गप बस’ म्हणून पाणी ओतणाऱ्या, तशीच. लाटेत थंडगार पाण्यात तासन्‌तास उभं राहून उमरावांच्या बायका बुडवून काढणं हे काही खायचं काम नाही.

१७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज आला, २१ वर्षांचा, पुढे चौथा जॉर्ज झाला तो. मानेच्या गाठी सुजल्या होत्या, डॉक्टरांनी समुद्र सांगितला. गाठी राहिल्या बाजूला, इथे बाप लांब आहे नि कर्ज काढता येतं हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आधी घर घेतलं, मग वाढवलं, आणि १८१५ ते १८२२ मध्ये जॉन नॅश या आर्किटेक्टकडून त्याचं जे काय करून घेतलं तोच रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून घुमट, मिनार, जाळ्या, म्हणजे आपल्याला वाटतं कुठल्यातरी संस्थानाचा वाडा, आणि आत सगळं चिनी. जेवणाच्या दालनात झुंबर आहे त्याला वर चंदेरी ड्रॅगन लोंबतोय, झुंबराचं वजन म्हणे टनभर. आणि नॅशने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता! चित्रांच्या पुस्तकांवरून सगळं केलं. म्हणजे फोटो बघून इडली केल्यासारखं. पण खोटं नाही सांगत, बरी झालीय.

आता माझा माणूस. दीन महंमद १७५९ मध्ये पाटण्याला जन्मला, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्या मुलीशी लग्न केलं, १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं. मग लंडनला आला आणि १८१० मध्ये हिंदुस्थानी कॉफी हाउस काढलं. करी, हुक्का, वेताच्या खुर्च्या, सगळा थाट. १८१२ मध्ये दिवाळं. पन्नाशी उलटलेली, पोरंबाळं, दिवाळं. आपण काय केलं असतं? गावी गेलो असतो. हा ब्रायटनला गेला, आणि जे हातात होतं ते विकायला लागला. काय होतं हातात? चंपी!

हसू नका. ‘शॅम्पू’ हा शब्द तिथूनच, ‘चांपना’ म्हणजे दाबणं. तुम्ही गिरगाव चौपाटीला ‘तेल मालिश चंपी’ ऐकलंय ना, तेच. त्याने १८२१ मध्ये समुद्रासमोर मोठी इमारत उभी केली, महंमद्स बाथ्स. पेशंटला वनौषधींच्या वाफेत बसवायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू, तंबूला भोकं, आणि बाहेरून भोकांतून हात घालून आत अंग रगडायचं. म्हणजे दिसतात फक्त हात. संधिवात, लकवा, लचक, सगळ्यावर हाच इलाज. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथेच सोडून जात आणि तो त्या भिंतीवर टांगून ठेवी. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात ना नवसाचे, तसं, फक्त इथे देव मालिशवाला. चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा चौथा विल्यम, दोघांनी त्याला शॅम्पूइंग सर्जन नेमला. आणि गंमत म्हणजे त्याने आपलं वय दहा वर्षांनी वाढवून सांगितलं, म्हणजे डॉक्टरकी शिकायला वेळ कुठे मिळाला हा प्रश्नच नको. १८५१ मध्ये वारला, ब्याण्णवाव्या वर्षी, पण थडग्यावर वय १०१! आपल्याकडे बायका वय कमी सांगतात म्हणून नावं ठेवता ना?

मी तर म्हणते शब्दाचाच प्रवास बघा. चंपी म्हणजे तेल घालणं. शॅम्पू म्हणजे तेल काढणं. पाटण्याहून निघालेला शब्द ब्रायटनला जाऊन पार उलटा झाला आणि पाऊच होऊन आपल्या वाण्याकडे लोंबकळत परत आला. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शिकेकाईनेच न्हायल्या, त्या म्हणायच्या त्या फेसात काही जीव नाही…

हो, चिठ्ठी आली. ‘१० मिनिटे’. खाली दोन रेघा मारल्यात. बरं.

तर पटापट. १८४१ मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे आली आणि गर्दी बदलली, उमराव गेले नि कारकून आले, दिवसाचं तिकीट काढून. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी नि तो पॅव्हिलियन दोन्ही आवडेना, खिडकीतून समुद्र धड दिसत नाही ही तिची तक्रार, १८५० मध्ये गावानेच तो विकत घेतला. हे १८५० लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बघायचं म्हणाल तर पॅलेस पिअर, म्हणजे फिरायला बांधलेला धक्का, १८९९ चा, समुद्रात अर्धा किलोमीटर आत गेलेला, पाळणे, चिप्स, सगळी जत्रा. पश्चिमेला वेस्ट पिअर, १८६६ चा, १९७५ ला बंद, २००३ मध्ये आगी लागल्या, आता पाण्यात नुसता सांगाडा, पण संध्याकाळी त्याच्यावर पक्ष्यांचे थवे येतात तेव्हा बघा. फोल्क साहेबांची विजेची छोटी रेल्वे किनाऱ्याने धावते १८८३ पासून, चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी. ह्याच माणसाने १८९६ मध्ये समुद्रातून चालणारी गाडी काढली होती, पाण्याखाली रूळ आणि २३ फुटी पाय, वर बसायला दिवाणखाना, कायद्याने आत जहाजाचा कप्तान ठेवावा लागायचा! आठवड्याच्या आत वादळाने आडवी केली. पुन्हा उभी केली, १९०१ ला बंद. शेजारचं होव्ह आता एकाच शहरात धरतात, पण तिथल्यांना विचारा ब्रायटनला राहता का, ते म्हणणार ‘होव्ह, ॲक्च्युअली’. दादर नाही हो, शिवाजी पार्क. तसंच.

गोडबोले. पहिलं महायुद्ध, फ्रान्समध्ये आपले हजारो सैनिक जखमी. डिसेंबर १९१४ मध्ये पॅव्हिलियनचं हॉस्पिटल झालं, झुंबरांखाली खाटा. हिरवळीवर नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. राजाने म्हणे आपला राजवाडा दिला! पोस्टकार्डं छापली, हिंदुस्थानात पुस्तिका वाटल्या. अहो पण राजाचा कुठला, १८५० लाच गावाने घेतलेला ना? मी ३३ वर्षं पोस्टात काढलीत, पत्रं म्हटलं की माझे कान टवकारतात. तर ह्या सैनिकांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉरवाले फोडून वाचत होते, भाषांतर करून अहवाल करत होते. आम्ही एखादं पाकीट चुकून फाटलं तरी मेमो मिळायचा.

पण पोस्टकार्डावर आलं नाही ते दुसरं हॉस्पिटल. गावातलं जुनं अनाथ-गरिबांचं वर्कहाउस, त्याला किचनर हॉस्पिटल नाव दिलं. तिथे काटेरी तारा, पहारे. बाहेर पडायचं नाही, गोऱ्या बायकांशी बोलणं होईल म्हणून. नुसते जखमी नाहीत, तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसांनाही तेच. तिथला मुख्य कर्नल सीटन. आणि १९१५ मध्ये ह्या कर्नलला गोळी घालायचा प्रयत्न कुणी केला, तर तिथल्याच एका सब-असिस्टंट सर्जनने, आडनाव गोडबोले. गोड बोलून झालं असणार आधी! कर्नल वाचला, गोडबोल्याला सक्तमजुरी झाली. म्हणजे बघा, जे गाव ‘या, इथे बरे व्हा’ म्हणून वाढलं, त्याच गावात बरं करायला आलेला माणूस…

हो हो, योगाचा वर्ग. आलेच आटोपत. दरवाजातून बघू नका असं, सतरंज्या आम्हीच उचलून देतो.

जे हिंदू आणि शीख सैनिक तिथे वारले त्यातल्या ५३ जणांना गावाबाहेर डोंगरावर अग्नी दिला. त्या जागी संगमरवरी छत्री आहे, १९२१ ची, नावही छत्रीच, इंग्रजही छत्रीच म्हणतात. मे महिन्यात ज्या दोघीतिघी जाणार आहात त्यांना सांगते, टूरवाला नेणार नाही. गाडी तिथपर्यंत जातच नाही, शेतातून चढ चालत जायचं, मेंढ्या असतात, वारा भन्नाट, शाल न्या. वरून समुद्र दिसतो. आणि खाली आल्यावर चपला काढू नका, नि दशमी असली तर पदराखाली धरून खा.